घरची कॉफी: सुरुवात फिल्टरपासून करा

आमच्या गिरगावातल्या घरी कॉफी म्हणजे मुख्यतः दूध. पातेल्यात दूध तापवायचं, साखर घालायची, बाटलीतली कॉफी पूड चमचाभर टाकायची आणि वरून जायफळ किसायचं. परीक्षेच्या रात्री, पाहुणे आले की, पावसात भिजून घरी परतल्यावर हीच कॉफी मिळायची. ती मला आजही फार आवडते. पण कॉफीच्या बीला स्वतःची चव असते, एका मळ्याची दुसऱ्यापेक्षा वेगळी असते, हे मला लग्न होऊन माटुंग्याला राहायला आल्यावर कळलं. शेजारच्या मामींच्या ओट्यावर रोज पहाटे एक स्टीलचा फिल्टर थेंब थेंब गळत असायचा. त्यांनी पहिल्यांदा मला साखर न घालता दोन घोट प्यायला लावले, आणि त्या दिवसापासून मी शिकते आहे.

आता ओळखीतली तरुण मंडळी मला विचारतात, "ताई, कुठलं मशीन घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मशीन नको, आधी फिल्टर घ्या आणि एक महिना त्यावरच हात बसवा. त्याच महिन्यात दळण, पाणी आणि वेळ या तीन गोष्टींनी चव कशी फिरते ते जिभेला कळतं. मग पुढची सगळी साधनं सोपी जातात.

पूड आणताना

माटुंगा पूर्वेच्या बाजारात कॉफी भाजून, समोर दळून देणारी दुकानं आहेत. स्टेशनातून उतरून त्या बाजूला वळलं की वासानेच रस्ता सापडतो. तिथे काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात: चिकोरी किती टक्के, आणि कशासाठी दळू? नवखा माणूस इथेच गडबडतो, म्हणून दोन्हीची उत्तरं घरूनच ठरवून निघा.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं. तिने डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, दाट आणि गडद होतं, दुधात रंग छान उतरतो, थोडा गुळचट कडवटपणा येतो. दाक्षिणात्य घरांत ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे प्रमाण सर्रास चालतं. दुधाची कॉफी आवडत असेल तर तेच सांगा. तयार पाकीट घेणार असाल तर त्यावरचे टक्के वाचा. कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत घालायला आपल्याकडे कायद्याने परवानगी आहे, म्हणजे हातातलं पाकीट जवळपास निम्मं मूळ असू शकतं. मोका पॉट, फ्रेंच प्रेस किंवा कागदी फिल्टर या पुढे येणाऱ्या साधनांसाठी मात्र चिकोरी अजिबात नको. कागदावर ती चिकटून बसते आणि पाणी उतरतच नाही.

मग बी कुठली? फळ्यावर 'प्लांटेशन ए', 'पीबेरी', 'रोबस्टा' अशी नावं दिसतील. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया समोरासमोर चपट्या बसतात. क्वचित एकच धरते आणि वाटाण्यासारखी गोल होते, ती पीबेरी. प्लांटेशन म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका जातीची कॉफी, आणि 'ए' हा दाण्याच्या आकाराचा दर्जा. अरेबिका सुवासिक आणि थोडी आंबूस असते. रोबस्टा ही दुसरी जात दाट, कडवट आणि अरेबिकाच्या साधारण दुप्पट कॅफीनची, शिवाय स्वस्त. पहिल्या खेपेला प्लांटेशन आणि पीबेरी निम्मी निम्मी घ्या. घ्यायची मात्र फक्त १०० ग्रॅम. दळलेल्या कॉफीचा वास पंधरवड्यात उडतो, आणि पावसाळ्यात तर त्याहूनही लवकर.

हे सगळे दाणे आपल्या शेजारचेच आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. बाबा बुदान नावाच्या सुफी संतांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका सांगतात. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे, आणि देशातली बहुतेक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते.

दळण किती जाड

दुकानदाराला 'मध्यम' म्हणून काही कळत नाही, कारण प्रत्येकाचं मध्यम वेगळं. साधनाचं नाव सांगा. घरी आल्यावर पूड दोन बोटांत चोळून बघा. फ्रेंच प्रेस आणि कोल्ड ब्रूसाठी (गार पाण्यात भिजवून केलेली कॉफी) ती जाड्या रव्यासारखी लागली पाहिजे. कागदी फिल्टरसाठी बारीक रव्यासारखी. आपल्या दाक्षिणात्य फिल्टरसाठी त्याहून किंचित बारीक, आणि मोका पॉटसाठी टेबलावरच्या मिठाइतकी किंवा त्याच्याही थोडी खाली. मशीनच्या दाबाने काढायच्या एस्प्रेसोची पूड बेसनाच्या जवळ जाते, पण बोटाला कण लागायला हवेत.

पूड जितकी बारीक, तितका पाण्याला तिचा जास्त भाग भेटतो आणि चव लवकर उतरते. म्हणून बारीक पुडीला कमी वेळ, जाड पुडीला जास्त वेळ. पुढच्या बहुतेक पद्धतींत हेच गणित आहे.

मिक्सरमध्ये दळू नका असं मी म्हणणार नाही, अडीअडचणीला चालतं. थांबत थांबत, दोन दोन सेकंदांच्या झटक्यांनी फिरवा आणि भांडं हलवत राहा. पण मिक्सरमधून निम्मी पूड पिठासारखी आणि निम्मी भरड निघते, आणि पीठ कडू होत असताना भरड कच्चीच राहते. पुढे पैसे खर्च करायची वेळ आली तर पहिला खर्च हाताने फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरवर करा, मशीनवर नको.

पाणी आणि माप

मुंबईला महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा वगैरे सात तलावांतून येतं. ते बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याच्या मानाने मऊ आहे आणि कॉफीला छान मानवतं. सोसायटीत टँकर येत असेल तर गाळलेलं किंवा पिण्याचं बाटलीतलं पाणी वापरून एकदा फरक बघा. आर. ओ. यंत्राने पाण्यातले क्षार फार उतरवले असतील तर कॉफी सपक लागते. तसं वाटलं तर अर्धं साधं उकळलेलं पाणी मिसळा.

उकळतं पाणी थेट ओतायचं नाही. आपण समुद्रसपाटीला राहतो, इथे पाणी १०० अंशांना उकळतं, आणि कॉफीला ९० ते ९६ अंश लागतात. गॅस बंद करून झाकण काढा, तीस-चाळीस सेकंद थांबा. थर्मामीटरची गरज नाही.

मापासाठी छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर पोह्यांचा सपाट एक चमचा म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम पूड धरा.

फिल्टर

दोन डबे एकावर एक. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दांडीची एक चकती, वर झाकण. दोन-तीन कपांचा स्टीलचा घ्या. पितळी फिल्टर दिसायला देखणा असतो, पण आतून कल्हई धड आहे का ते बघून घ्यावं लागतं. पहिला स्टीलचाच बरा.

१. दोन्ही डबे कोरडे करा. खालच्या डब्यात पाण्याचा थेंब राहिला तर काही बिघडत नाही, वरच्या भोकांत ओल राहिली तर पूड तिथेच चिकटते.

२. वरच्या डब्यात २० ग्रॅम, म्हणजे चार सपाट चमचे पूड घाला. डबा हलवून ती सारखी करा.

३. चकती ठेवून अगदी हलकं दाबा. मामी म्हणायच्या, "अगं, इतकं दाबू नकोस, पाण्याला वाट ठेव." पोळीच्या कणकेवर बोट टेकावं इतपत.

४. गरम पाणी चमचाभर चमचाभर करत चकतीभोवती गोल फिरवून घाला, पूड भिजेपुरतंच. अर्धा मिनिट थांबा. पूड फुगते, तिच्यातला वायू निघून जातो.

५. मग उरलेलं पाणी घाला. सगळं मिळून १२० मिली. झाकण लावा आणि बाजूला व्हा.

पंधरा-वीस मिनिटांत खाली ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन जमतं. उरलेलं पाणी पूड पिऊन टाकते. बरेच लोक रात्री लावून ठेवतात, मीही ठेवते, कारण सकाळी ८:१२ची लोकल कोणासाठी थांबत नाही.

कप भरताना ४० मिली डिकॉक्शनला १०० मिली दूध. दूध मात्र त्याच क्षणी उतू यायला आलेलं हवं, आणि डिकॉक्शन कधीही पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. तापवलं की सुगंध जातो आणि नुसता कडवटपणा उरतो. ते गार असेल तर डिकॉक्शनची वाटी गरम पाण्यात ठेवा. म्हशीच्या दुधाने कप जड होतो, गाईच्या दुधात कॉफी अधिक कळते. टंबलर आणि वाटीत दोन-तीनदा उंचावरून ओता. फेस येतो, पिण्याजोगं गार होतं, साखरही विरघळते.

पहिल्या आठवड्यात डिकॉक्शन खाली उतरतच नाही, ही तक्रार सगळ्यांची असते. कारणं तीनच: पूड फार बारीक, चकती फार दाबलेली, नाहीतर भोकं बुजलेली. फिल्टरला बाजूने बोटाने टिचकी मारा, झाकण उघडून पुन्हा लावा. तरीही हललं नाही तर पुढच्या खेपेला दळण जाड करून आणा. उलट पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं, तर डिकॉक्शन पांचट होणार. तेव्हा बारीक दळण हवं. महिन्यातून एकदा वरचा डबा उजेडासमोर धरून बघा. भोकांतून उजेड दिसला नाही तर व्हिनेगरच्या गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा.

जिभेचं ऐका

रोज कप तयार झाला की दूध घालायच्या आधी एक चमचा डिकॉक्शन, थोडं पाणी घालून, नुसतं चाखा. कॉफीतून आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा, शेवटी कडूपणा. म्हणून कच्च्या कैरीसारखी आंबट, जिभेच्या कडांना झोंबणारी चव आली तर पाण्याला पुरेसा वेळ मिळालेला नाही. पूड बारीक करा, किंवा पाणी आणखी गरम वापरा. कडू आणि घशाला कोरड पाडणारी आली तर उलट करा. चव बरोबर आहे पण पाणचट आहे, तर पूड वाढवा, बाकी काही हलवू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी फार कळकळीने सांगते. आपण घाईत पूडही बदलतो, पाणीही, भांडंही, आणि मग कप चांगला झाला तर तो कशाने झाला हे कळत नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवा. तारीख, पूड किती, वेळ किती, चव कशी. पंधरा दिवसांत तो कागद तुम्हाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवेल.

मोका पॉट

इटलीत १९३३ साली अल्फोन्सो बियालेटी यांनी हे आठ कडांचं ॲल्युमिनियमचं भांडं बाजारात आणलं. खालच्या भागात पाणी तापतं, वाफेचा दाब पाण्याला मधल्या पुडीतून वर ढकलतो, आणि वरच्या भांड्यात दाट, कडक कॉफी जमा होते.

मी फिल्टरच्या सवयीने पहिल्याच दिवशी पूड चमच्याने दाबली. पाण्याला वर जायला वाट मिळेना, सांध्यातून फुसफुसत तपकिरी पाणी ओट्यावर उडालं. हातावर उडालं नाही हे नशीब. तेव्हापासून नियम पक्का आहे: पूड काठोकाठ भरायची, बोटाने सपाट करायची, दाबायची नाही. पाणी बाजूच्या पितळी झडपेच्या खालीच ठेवायचं, कारण दाब वाढला तर त्याच झडपेतून तो सुटतो. ती पाण्यात बुडाली किंवा क्षारांनी बुजली तर धोका आहे.

खालच्या भागात आधीच गरम केलेलं पाणी घाला, म्हणजे पूड फार वेळ तापून करपत नाही. फडक्याने धरून घट्ट फिरवा. आपल्या शेगडीवर छोटा मोका पॉट कलंडतो, म्हणून लहान बर्नर घ्या आणि वर जाळी ठेवा. आच मंद. झाकण उघडं ठेवून बघत राहा. मधासारखी धार येऊ लागते, मग तिचा रंग फिका होतो आणि खुळखुळ आवाज सुरू होतो. तो आवाज आला की लगेच उतरवा आणि बूड नळाच्या पाण्याखाली धरा. शेवटचे ते फिके बुडबुडे सगळा कडूपणा घेऊन येतात. तीन कपांच्या भांड्यात १५-१७ ग्रॅम पूड बसते. ते कप इटालियन, म्हणजे लहान आहेत, आपल्या मापाने दोन दुधाचे मग समजा.

ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी स्टीलचं घ्यावं लागतं. भाड्याच्या खोलीत फक्त इंडक्शन असेल तर आधी हे तपासा.

फ्रेंच प्रेस आणि कागदी फिल्टर

ज्यांच्या खोलीत फक्त विजेची किटली आहे, त्यांच्यासाठी ही दोन्ही साधनं सोयीची. कॉफी काळी प्यायची असेल तरच यांच्या वाटेला जा. दुधासाठी ती पातळ पडते.

प्रेस म्हणजे जाळीचा दांडा खाली दाबून कॉफी गाळायचं उभं भांडं. त्यात १५ ग्रॅम जाड पूड आणि २५० मिली पाणी. ढवळा, चार मिनिटं थांबा. वर जमलेला थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका, दांडा सावकाश खाली न्या आणि सगळी कॉफी लगेच कपात ओतून घ्या. आत राहिली तर ती पुडीवर उतरतच राहते. तळाचा शेवटचा घोट गाळाचा असतो, तो सोडून द्या. प्रेस नसेल तर हीच कृती झाकणाच्या पातेल्यात करा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. पहिल्या दिवशी, काहीही विकत न घेता, हे करून बघता येतं.

कागदी फिल्टरची कल्पना मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीची. १९०८ साली तिने मुलाच्या वहीतला टिपकागद कापून भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात बसवला. कागद कॉफीतलं तेल अडवतो, म्हणून कप स्वच्छ आणि हलका लागतो, आणि मळ्यामळ्यातला फरक इथे सर्वांत नीट कळतो. या तेलात कोलेस्टेरॉल वाढवणारं कॅफेस्टॉल असतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलं असेल आणि दिवसाला तीन-चार कप होत असतील, तर प्रेसपेक्षा कागद चांगला.

कागद कपावर ठेवायच्या शंकूत बसवून आधी गरम पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर कॉफीला कागदाची चव येते. १५ ग्रॅम पूड, त्यावर ४५ मिली पाणी, चाळीस सेकंद थांबा. ताजी कॉफी इथे पुरीसारखी फुगते, तो क्षण बघण्यासारखा असतो. मग मधून बाहेर गोल फिरवत, दोन-तीन खेपांत, एकूण २४० मिलीपर्यंत पाणी घाला. तीन मिनिटांच्या आसपास शेवटचा थेंब पडला पाहिजे. बारीक तोटीची किटली नसेल तर चहाची लहान किटली चालते, धार बारीक हवी एवढंच.

एरोप्रेस हे पिचकारीसारखं साधन २००५ साली आलं. प्लास्टिकचं, न फुटणारं, दोन मिनिटांत एक कप. वसतिगृहात किंवा सतत प्रवासात असाल तर घ्या.

एस्प्रेसोबद्दल थोडक्यात: १८ ग्रॅम पूड, ९ बार म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाब, अर्ध्या मिनिटाच्या आसपास ३६ ग्रॅम कॉफी. हे घरी सातत्याने जमवायला महाग मशीन आणि त्याच तोडीचा ग्राइंडर लागतो. लग्नाच्या हॉलमध्ये वाफेच्या यंत्रातून फेसाळ दुधाची, वर कोको भुरभुरलेली जी कॉफी 'एस्प्रेसो' म्हणून मिळते तिचा याच्याशी संबंध नाही, पण ती मला आवडते आणि मी ती घेते.

मे महिन्यासाठी कोल्ड ब्रू

घामाच्या दिवसांत गरम कप नकोसा होतो. बरणीत ६० ग्रॅम जाड पूड आणि अर्धा लिटर गार पाणी ढवळा, झाकून फ्रिजमध्ये चौदा ते सोळा तास ठेवा. चक्का टांगायच्या फडक्यातून गाळता येतं, पण त्याला साबणाचा किंवा दह्याचा वास नको. आधी गरम पाण्यातून काढा. पिळू नका, आपोआप गळू द्या. जितकं उतरेल तितकंच पाणी किंवा दूध आणि भरपूर बर्फ. चार-पाच दिवसांत संपवा.

डबा आणि चोथा

मुंबईची हवा कॉफीची वैरीण. जून ते सप्टेंबर तर डबा उघडा राहिला की दुसऱ्या दिवशी पूड दमट. गंमत अशी की आपल्याच किनाऱ्यावर, मंगळूरकडे, कॉफीला मुद्दाम पावसाळी वारं देतात. पूर्वी युरोपला जाणाऱ्या जहाजांत महिनोन्‌महिने दमट हवेत बिया फुगून फिक्या पडायच्या, त्यांचा आंबटपणा जायचा, आणि तीच चव तिथल्या लोकांना आवडू लागली. पुढे प्रवास लवकर होऊ लागला, तेव्हा तोच परिणाम किनाऱ्यावरच्या गोदामांत साधला गेला. हीच मॉन्सून्ड मलबार, मिळाली तर जरूर घ्या. पण ते वारं कच्च्या, हिरव्या बीला देतात. भाजलेल्या कॉफीला ओल लागली की ती गेलीच.

म्हणून घट्ट झाकणाचा छोटा डबा, गॅसपासून लांब, अंधाऱ्या कपाटात. रोजच्या वापरातला डबा फ्रिजमध्ये नको. बाहेर काढला की त्याला घाम सुटतो, आणि कॉफी शेजारच्या सुकटीपासून कापलेल्या कांद्यापर्यंत सगळ्यांचे वास धरते.

उरलेला चोथा मोरीत टाकू नका, पाइप तुंबतो. तो निथळून ओल्या कचऱ्यात टाका, किंवा गॅलरीत कंपोस्टचा डबा असेल तर सुक्या पानांबरोबर मिसळा. कुंडीत थेट जाड थर पसरला तर त्यावर बुरशी धरते आणि पाणी खाली झिरपत नाही. माझ्या तुळशीला मी तो कंपोस्ट होऊनच देते.